सूत्र आहे, प्रकरण नाही : गिटच्या माहितीपुस्तिकेविषयी

मंडळी, आज आम्ही एका ग्रंथाची समीक्षा करणार आहोत. हा ग्रंथ कुणी हौसेनं वाचत नाही. अडलेला माणूसच तो उघडतो. 'गिट' नावाचं संगणकावरचं एक हत्यार आहे, त्याची ही माहितीपुस्तिका. ज्यांची मुलं-नातवंडं पुण्याला, बंगळूरला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहेत, त्यांनी हा शब्द घरात ऐकला असेल. आणि मागच्या रांगांत जी इंजिनिअरिंगची पोरंपोरी बसली आहेत, त्यांचा तर याच्याशी रोजचा संबंध.

आता कुणी म्हणेल, तत्त्वज्ञानाच्या माणसानं यात काहून पडावं? तर असं आहे, की शब्दाला अर्थ कुठून येतो आणि सांगणारा-ऐकणारा यांच्यामध्ये काय निसटतं, हा आमच्या शास्त्राचा जुनाच धंदा आहे. हत्यार कसं घडवलं हे कारागिरानं पाहावं. त्याच्याविषयी जे लिहिलं आहे ते समजण्यासारखं लिहिलं आहे की नाही, हे वाचणाऱ्यालाही विचारता येतं.

गिट करतं काय, ते आधी पाहू. आपल्या बार्शीटाकळीत काळंका देवीच्या मंदिरात शके 1098चा शिलालेख आहे. साडेआठशे वर्षं होत आली. जे अक्षर कोरलं ते कोरलं. दगडाला आवृत्ती नसते. पोथीचं तसं नाही. आपल्याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, शके 1200च्या सुमारास म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. ज्यांनी चक्रधरांना पाहिलं-ऐकलं होतं त्यांच्याकडे जाऊन एकेक लीळा गोळा केली. पुढे धाडीत मूळ पोथी गेली, असं परंपरा सांगते, आणि शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. आठवण प्रत्येकाची वेगळी, म्हणून एकेका लीळेचे अनेक पाठ झाले. महानुभावांचं मोठेपण असं, की त्यांनी एक पाठ ठेवून बाकीचे पुसून टाकले नाहीत. पोथ्यांमध्ये 'शोधु', 'वासना' अशा खुणांखाली दुसरा पाठ तिथेच नोंदवलेला सापडतो.

गिटचं काम याच जातीचं आहे. दहा माणसं एकाच मजकुरावर काम करत असतील तर कुणी, केव्हा, काय बदललं याची नोंद ते ठेवतं. दोन पाठ शेजारी शेजारी नांदू देतं. त्यांना शाखा म्हणतात. पुढे हवं तर त्यांचा मेळ घालून देतं. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांना बिटकीपर नावाचं हत्यार फुकट वापरायला मिळत होतं. 2005 साली ती सवलत गेली, तेव्हा लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी एप्रिल महिन्यात गिट लिहायला घेतलं आणि जुलैत ते जुनिओ हमानो यांच्या हाती सोपवलं. तेव्हापासून हमानो ते सांभाळत आले आहेत.

हे हत्यार मुळात बटणांचं नाही, आज्ञांचं आहे. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची. बटण असलं तर माणूस चाचपडत तरी शिकतो. आज्ञेचं नावच माहीत नसेल तर चाचपडायला जागा नाही. म्हणून इथे पुस्तिकेवर सगळा भार येतो.

आपल्याकडे वार्तिककाराची एक रीत सांगितलेली आहे. मूळ ग्रंथात जे सांगितलं ते उक्त, जे सांगायचं राहिलं ते अनुक्त, आणि जे वाईट तऱ्हेनं सांगितलं ते दुरुक्त. तिन्ही तपासायची. आम्ही त्याच रीतीनं जाणार आहोत.

पहिलं उक्त, कारण गुण आधी सांगावेत. ही पुस्तिका अत्यंत प्रामाणिक आहे. काही लपवत नाही. एकेका आज्ञेला जोडता येणारे वीस-वीस पर्याय असतात आणि ते सगळे नोंदलेले असतात. आत्मप्रौढी तर नावालाही नाही. पहिल्या पानावर हे हत्यार स्वतःची ओळख मठ्ठपणे मजकुराचा माग ठेवणारं अशी करून देतं. किती ग्रंथकार आपल्या ग्रंथाच्या पहिल्या ओळीत असं लिहितील? शिवाय तिला स्वतःचा शब्दार्थकोश आहे, जुने शब्द कुठले आणि नवे कुठले हे तो सांगतो. ज्याला गिट येतं त्याच्यासाठी ही पुस्तिका चांगली आहे. तक्रार नेमकी इथूनच सुरू होते.

आता दुरुक्त. तीन उदाहरणं पुरेत.

पहिलं, एका वस्तूची तीन नावं. तुम्ही मजकूर बदलला, पण त्याची कायमची नोंद अजून केली नाही. या दोहोंच्या मध्ये गिट एक जागा ठेवतं. तिला 'इंडेक्स' म्हणतात. तिलाच 'स्टेजिंग एरिया' म्हणतात. आणि तिलाच 'कॅश' म्हणत असत. शब्दार्थकोश स्वच्छ सांगतो, की कॅश हा शब्द आता कालबाह्य, इंडेक्स म्हणा. पण आज्ञांच्या पर्यायांत 'कॅश्ड' हा शब्द जिवंतच आहे. फरक दाखवणाऱ्या आज्ञेत 'कॅश्ड' आणि 'स्टेज्ड' यांचा अर्थ एकच. दुसऱ्या काही आज्ञांत मात्र 'कॅश्ड' आणि 'इंडेक्स' हे दोन वेगळे पर्याय आहेत आणि त्यांचे अर्थही वेगळे: एक फक्त त्या मधल्या जागेला हात लावतो, दुसरा त्या जागेला आणि कामाच्या फायलींना, दोहोंना. कुठे पर्याय म्हणजे समानार्थी शब्द, कुठे पर्याय म्हणजे वेगळी वाट. वाचणाऱ्यानं ओळखायचं कसं? याचा खुलासा पुस्तिकेत आहे, पण तो वेगळ्याच पानावर आहे, आणि त्या पानाचं नाव माहीत असेल त्यालाच तो सापडतो. शास्त्रात संज्ञा एकदा बांधली की बांधली. ती सैल सोडली तर पुढचं सगळं विवेचन सैल होतं.

दुसरं, एका नावाची दोन कामं. 'चेकआउट' ही आज्ञा घ्या. एक तर ती तुम्हाला एका शाखेवरून दुसऱ्या शाखेवर नेते. आणि तीच आज्ञा पुढे फायलीचं नाव दिलं तर त्या फायलीत केलेला बदल काढून टाकून जुनी प्रत आणून ठेवते. पहिल्या कामात गिट सावध असतं. तुमचं अर्धवट काम पुसलं जाणार असेल तर ते अडून बसतं. दुसऱ्या कामात विचारत नाही, पुसून मोकळं होतं. ज्या शब्दानं घर बदलता येतं त्याच शब्दानं घर पाडताही येतं, आणि मधे फरक फक्त पुढच्या नावाचा. पुस्तिकेतच एक उदाहरण आहे: फायलीचं जे नाव, तेच दुर्दैवानं एखाद्या शाखेचंही असलं तर घोटाळा होईल, म्हणून मधे दोन आडव्या रेघा टाका. हे वाचून हसू येतं, पण विचार करा, ही तळटीप नाही, ही कबुली आहे. जी गोष्ट शब्दानं वेगळी करायला हवी होती ती दोन रेघांवर सोडली.

हे कारागिरांच्याही लक्षात आलं. 2019च्या ऑगस्टमध्ये आलेल्या 2.23 या आवृत्तीत त्या आज्ञेची दोन कामं फोडून दोन नव्या आज्ञा केल्या: शाखा बदलायला 'स्विच', फाईल पूर्ववत करायला 'रिस्टोअर'. पुढे कितीतरी वर्षं त्यांच्यावर 'प्रायोगिक' अशी पाटी होती. ती 2025 साली निघाली. यातून एक धडा घ्यावा. जी गोष्ट कितीही समजावून सांगितली तरी समजत नाही, तिथे दोष कधी कधी समजावण्यात नसतो, नाव ठेवण्यात असतो. चांगला भाष्यकार मूळ सूत्रात दुरुस्ती घडवून आणतो.

तिसरं उदाहरण आमच्या विशेष आवडीचं, कारण ते शुद्ध तत्त्वज्ञानाचं आहे. दोन पाठांचा मेळ घालताना एकाच ओळीवर दोघांनी वेगवेगळं लिहिलेलं निघालं, तर गिट विचारतं: कोणतं ठेवू, 'अवर्स' की 'देअर्स'? आमचं की त्यांचं? साध्या मेळात 'अवर्स' म्हणजे तुम्ही ज्या शाखेवर उभे आहात ती. ठीक. पण 'रिबेस' नावाची एक आज्ञा आहे, तिच्यात हे शब्द उलटतात. तिथे 'आमचं' म्हणजे दुसऱ्यांचं काम आणि 'त्यांचं' म्हणजे तुम्ही स्वतः रात्र जागून केलेलं काम! पुस्तिकेत याची नोंद आहे, की या वेळी हे दोन शब्द अदलाबदल झाल्यासारखे दिसतील. कारण थोडक्यात येतं, पण ते ज्याला कळेल त्याला ही सूचनाच नको असते.

कारण तसं सोपं आहे. रिबेस करताना गिट आधी दुसऱ्यांच्या शाखेच्या टोकावर जाऊन उभं राहतं, आणि तिथून तुमचे बदल एकेक करून स्वतःकडे ओढून घेतं. उभं राहण्याची जागा बदलली, म्हणून 'आमचं' बदललं. 'मी', 'इथे', 'आत्ता' अशा शब्दांना बर्ट्रांड रसेल यांनी आत्मकेंद्री शब्द म्हटलं होतं. असे शब्द बोलणारा कोण आणि कुठे आहे हे कळल्याशिवाय त्यांना अर्थ नाही. मराठीला तर याची फार बारीक जाण आहे. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर आपण 'आपण' म्हणतो, त्याला वगळून बोलायचं तर 'आम्ही'. मग गिटच्या या 'आमचं'मध्ये मी आहे की नाही, एवढं एक वाक्य त्याच जागी लिहिलं असतं तर कितीतरी जणांचं काम वाचलं असतं.

आता अनुक्त, म्हणजे न सांगितलेलं. हा भाग सगळ्यांत जड आहे.

माणूस पुस्तिकेकडे येतो तेव्हा त्याच्याजवळ आज्ञेचं नाव नसतं, अडचण असते. 'मी चुकीच्या शाखेवर काम केलं.' 'मी पाठवायला नको ती फाईल नोंदवून बसलो.' 'कालचं काम दिसत नाही.' पुस्तिका मात्र आज्ञांच्या नावांनी लावलेली आहे. म्हणजे दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरनं विचारावं, की तुम्हाला कोणतं औषध पाहिजे ते सांगा, मग मी त्याचे गुणधर्म सांगतो.

आणि आज्ञा काय करते हे सांगितलं तरी, तिच्यानंतर परतीची वाट आहे की नाही, हे बहुतेक ठिकाणी सांगायचं राहून जातं. 'रीसेट' या आज्ञेला 'हार्ड' हा पर्याय जोडला तर बदल टाकून दिले जातात, असं पुस्तिका म्हणते. बरोबर म्हणते. पण टाकून दिले म्हणजे केराच्या टोपलीत गेले की चुलीत गेले? टोपलीतून उचलता येतं. चुलीतून नाही. अडलेल्या माणसाला त्या क्षणी नेमकं हेच विचारायचं असतं.

याचा परिणाम काय होतो, तो आमच्यासारख्या मास्तरांनी पाहिलेला आहे. खेड्यातून आलेला, इंग्रजी उशिरा शिकलेला हुशार पोरगा ते पान तीनदा वाचतो, आणि म्हणतो, "सर, माह्यंच डोकं काम नाही करत बहुतेक." लिहिणाऱ्याच्या अस्पष्टतेची किंमत वाचणारा आपल्या आत्मविश्वासातून चुकती करतो. फाईल गेली तर पुन्हा लिहिता येईल. हे नुकसान तितकं सहज भरून येत नाही.

मग उपाय? तो शोधायला आपल्याला फार लांब जायला नको. चक्रधरांची वचनं केशिराजबासांनी सूत्रपाठात एकत्र केली. सूत्रं म्हणजे फक्त वचन. कोण, कुणाला, केव्हा बोललं ते त्यात नाही. पण पंथाच्या हे लगेच लक्षात आलं, की प्रसंगावाचून सूत्र हाती दिलं तर ज्याचा त्याचा अर्थ होईल. म्हणून 'प्रकरणवश' तयार झालं: कोणतं सूत्र कोणत्या प्रसंगी निघालं, ते सांगणारं. आणि केशिराजांनीच दृष्टांतपाठ रचला. त्यात आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांतातलं काय मूळ मुद्द्याला लागू पडतं याचा उलगडा. आमचं म्हणणं एवढंच, की गिटच्या पुस्तिकेत सूत्र आहे. प्रकरण, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक नाही.

नुसतं बोलण्यापेक्षा करून पाहू. 'रीसेट'च घेऊ.

सूत्र: रीसेट तुम्हाला जुन्या नोंदीवर नेतं, किती मागे न्यायचं आणि कशाकशाला न्यायचं ते तुम्ही सांगायचं.

प्रकरण: नोंद केली, पण ती चुकीची झाली आणि अजून ती कुणाला पाठवलेली नाही, तेव्हा वापरावं. पाठवून झालेली नोंद अशी मागे घेऊ नये. ज्यांनी ती घेतली त्यांच्या कामाचा गोंधळ होतो.

दृष्टांत: शाळेच्या कार्यालयात टेबलावर अर्जाचा कच्चा कागद आहे. त्यावर खाडाखोड चालू आहे. जमला तेवढा मजकूर झेरॉक्स काढून पाकिटात ठेवला. मग पाकिटाची जावक रजिस्टरला नोंद केली, क्रमांक पडला, आणि शेवटच्या नोंदीपाशी एक खूण ठेवली. टेबल म्हणजे तुमच्या कामाच्या फायली, पाकीट म्हणजे इंडेक्स, रजिस्टरची नोंद म्हणजे कमिट. आता 'सॉफ्ट' रीसेट म्हणजे फक्त खूण मागच्या नोंदीवर सरकवली. पाकीट आणि टेबल जसंच्या तसं. 'मिक्स्ड', म्हणजे तुम्ही काहीच न सांगितलं तर जे होतं ते: खूण सरकली आणि पाकिटातली प्रतही त्या जुन्या नोंदीसारखी झाली, टेबलाला हात नाही. 'हार्ड' म्हणजे टेबलावरचा कागदही जुन्या नोंदीसारखा करून ठेवला. नवी खाडाखोड गेली.

दार्ष्टांतिक: हा दृष्टांत दोन ठिकाणी तुटतो. एक, जावक झाली की पाकीट रिकामं होतं. इंडेक्स रिकामं होत नाही. पुढच्या नोंदीचं संपूर्ण चित्र, म्हणजे नोंदीत असलेल्या प्रत्येक फायलीची प्रत, त्यात कायम असते. दोन, रजिस्टरचा क्रमांक कारकून घालतो. गिटचा क्रमांक त्या नोंदीच्या मजकुरातूनच काढलेला असतो, एक अक्षर बदललं तरी क्रमांक बदलतो. आणि परतीची वाट: जी नोंद एकदा झाली ती खूण सरकवल्यानं लगेच नष्ट होत नाही. 'रिफ्लॉग' नावाच्या रोजनाम्यात तिचा माग राहतो. वेगळी व्यवस्था केली नसेल तर अशी सुटलेली नोंद त्यात 30 दिवस टिकते. पण टेबलावरची जी खाडाखोड ना पाकिटात गेली ना रजिस्टरात, ती हार्ड रीसेटनंतर गिटकडून परत मिळत नाही.

एवढंच. एक पानभरही झालं नाही.

यावर आक्षेप येतील, ते आम्हांला ठाऊक आहेत. पहिला: ही संदर्भपुस्तिका आहे, शिकण्यासाठी स्कॉट शॅकन आणि बेन स्ट्रॉब यांचं 'प्रो गिट' हे पुस्तक मोफत उपलब्ध आहे, ते वाचा. पुस्तक चांगलंच आहे. पण ज्याचं काम आत्ता अडलं आहे तो पुस्तकाच्या सातव्या प्रकरणापर्यंत जात नाही; समोरचं पान उघडतो. दुसरा आक्षेप: थोडक्यात सांगणं हा सूत्राचा गुण आहे. मान्य. पण सूत्र पाठ करणाऱ्याच्या समोर गुरू बसलेला असे. पडद्यासमोर रात्री अकरा वाजता बसलेल्या पोरीच्या समोर कोण बसलेलं आहे? तिसरा: सोपं करायला गेलं की खोटं होतं. हा आक्षेप खरा आहे. गिट प्रत्येक नोंदीत फक्त फरक साठवतं, असं कितीतरी ठिकाणी शिकवतात. प्रत्यक्षात प्रत्येक नोंद ही संपूर्ण चित्राची असते. म्हणूनच दार्ष्टांतिक लागतं. दृष्टांत कुठे तुटतो ते सांगितलं, की सोपेपणाही राहतो आणि खरेपणाही.

आणि गंमत पाहा, गिटला हे मुळीच येत नाही असं नाही. 'स्टेटस' ही आज्ञा द्या. ती तुमची सध्याची परिस्थिती सांगते, आणि शेजारी कंसात लिहिते, की हा बदल टाकायचा असेल तर अमुक आज्ञा, पाकिटातून काढायचा असेल तर तमुक. ज्या प्रसंगी जे हवं ते, तिथेच. गिटमधलं सर्वांत चांगलं लेखन आमच्या मते पुस्तिकेत नाही, या चार कंसांत आहे. तेच खरं प्रकरणवश. अलीकडे पुस्तिकेच्या काही पानांच्या सुरुवातीही नव्यानं लिहिल्या जात आहेत. दिशा योग्य आहे.

स्मृतिस्थळातली एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. केशिराज मोठे पंडित. त्यांच्या मनात सूत्रांचा विषय संस्कृतात मांडावा असं होतं. नागदेवाचार्यांनी अडवलं. कारण दिलं ते असं, की त्यानं पंथातल्या म्हाताऱ्या बायका नागवल्या जातील. नागवणं म्हणजे लुबाडणं. ज्ञान ज्याला हवं त्याला कळेलसं न लिहिणं ही त्यांच्या लेखी पांडित्याची शोभा नव्हती, लूट होती. सातशे वर्षांपूर्वी आपल्या वऱ्हाडच्या मातीत हा निकष ठरला. आजच्या कोणत्याही पुस्तिकेला तो लावून पाहावा.

तेव्हा मागच्या रांगेतल्या मुलामुलींना एवढंच सांगणं आहे. एखादं पान कळलं नाही तर आधी ते पान तपासा, मग स्वतःचं डोकं. ज्या दिवशी ते कळेल, त्याच दिवशी मराठीत तीन ओळी लिहून ठेवा: कोणत्या प्रसंगी, कशासारखं, आणि काय गेलं तर परत येत नाही. दुसऱ्या दिवशी लिहू म्हणाल तर आदल्या दिवशीचा गोंधळ आठवणार नाही, आणि गोंधळ आठवत नाही तो दुसऱ्याला समजावू शकत नाही.

शेवटचं सांगतो. गिटची पुस्तिका गिटमध्येच ठेवलेली आहे. साध्या मजकुराच्या फायली आहेत, कुणीही दुरुस्ती सुचवू शकतो. आज दुरुक्त असलेली ओळ उद्या कुणी बदलली, तर जुना पाठ, नवा पाठ, बदलणाऱ्याचं नाव आणि बदलण्याचं कारण, सगळं नोंदीत राहील. त्या नावापुढे गाव लिहायची पद्धत नाही. पण ते बार्शीटाकळीचं असायला कुणाची हरकत नसावी.